फाटकावरून दोनदा परत
व्यसनमुक्ती केंद्रातून निघताना समुपदेशक ताई म्हणाल्या, "गोळ्या संपतील, मीटिंग चुकवू नका." पण मीटिंग शोधायची कुठे? 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्याने आडनाव विचारलं नाही, एवढंच म्हणाला, "राहता कुठे?"

घराजवळच्याच शाळेचा वर्ग निघाला. मी फाटकावरून दोनदा परत फिरलो. आत पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले दहा-बारा जण आणि चहा. फी नाही, दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये दोन दारुडे एकमेकांना सावरत बसले, तिथून हे सुरू झालं. बोलायची सक्ती नव्हती. दीड महिना मी नुसता ऐकत होतो.

बायको 'अल-अ‍ॅनॉन'ला, म्हणजे घरच्यांच्या गटात जाते. तिथे काय बोलते, मी विचारत नाही.