पडवीतली सतरंजी

२०२५ मध्ये ८ जूनला पेंटेकॉस्टचा सण होता. मिस्सेत प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचला गेला. पवित्र आत्मा उतरतो, शिष्य बोलू लागतात आणि जेरुसलेमात जमलेल्या देशोदेशींच्या माणसांना त्यांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकू येतं. प्रवचन झालं, ख्रिस्तशरीर वाटून झालं, आणि शेवटी नेहमीप्रमाणे सूचना आल्या. तिसरी सूचना अशी होती : या वर्षापासून धर्मशिक्षणाचा मराठी वर्ग भरणार नाही. मुलं फक्त सात उरली आहेत, त्यांना इंग्रजी वर्गात सामावून घेतलं जाईल. पालकांनी नोंद घ्यावी.

त्या वर्गाला मी १९८६ पासून शिकवत होतो. ही सूचना मला आधी कोणी सांगितली नव्हती. बाकावर बसल्या बसल्या, सगळ्यांच्या बरोबरीने, मी ती ऐकली. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाहेर आल्यावर काही जुने विद्यार्थी भेटले. आता त्यांचीच मुलं दृढीकरणाच्या वयाची आहेत. ते म्हणाले, सर, काळच तसा आलाय. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. त्यानंतरचे काही महिने जे मनात घोळत राहिलं, ते लिहितो आहे.

आमच्या वसईच्या ख्रिस्ती समाजाविषयी लिहायला बसलं की माणसं १५३४ पासून, पोर्तुगिजांना वसई मिळाली त्या सालापासून, सुरुवात करतात. किल्ला, चर्चचे मनोरे, मग १७३९ आणि चिमाजी अप्पांचा विजय. माझं मन त्यात रमत नाही. त्या सगळ्या काळातला एकच माणूस मला जवळचा वाटतो, तो म्हणजे गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मला, व्यापारी होता, पुढे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. धर्मगुरू तो कधीच नव्हता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रूसावर मारलं, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. त्याआधी जपानात कित्येक वर्षं तो धर्मशिक्षक होता, जपानी भाषा शिकून जपानी माणसांना त्यांच्या भाषेत ख्रिस्त सांगत होता, ही गोष्ट मात्र सणाच्या भाषणात क्वचितच येते. त्याला संतपद मिळालं ८ जून १८६२ रोजी, आणि त्या वर्षीही ८ जूनला पेंटेकॉस्टच होता. सूचना वाचणाऱ्याला हे ठाऊक असतं तर आठ दिवस थांबून तरी ती वाचली असती, असं मला वाटतं.

माझं लहानपण लॅटिन मिस्सेच्या अखेरच्या वर्षांतलं. फादर वेदीकडे तोंड करून उभे, लोकांकडे पाठ, आणि मागे आया-आज्या आपापली जपमाळ ओढत बसलेल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठचं दशक संपता संपता, मिस्सा मराठीत आली. वडीलधाऱ्यांपैकी काहींना ते रुचलं नव्हतं. मला आठवतं ते एवढंच, की आजीने पहिल्यांदा जपमाळ पदरात ठेवून दिली आणि ती वेदीकडे बघत बसली. परिषदेने कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं होतं. आमच्या आजीला ते कळवायची गरज नव्हती. संध्याकाळची घंटा झाली की चूल बाजूला आणि सगळे क्रूसापुढे, ही तिची शिस्त त्या परिषदेहून कितीतरी जुनी होती.

सत्तरचं दशक मी नोकरीच्या मागे आणि विरार लोकलमध्ये घालवलं. त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते १९८४ नंतरच्या दहा-बारा वर्षांबद्दल. वसईचा धर्मप्रांत तेव्हा वेगळा झाला नव्हता, आम्ही मुंबईत मोडत होतो. मुंबईहून नवी कल्पना आली, छोट्या ख्रिस्ती समूहांची. धर्मग्राम मोठा, हजारो माणसांचा. रविवारी तासभर शेजारी बसणारी माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत. म्हणून वीस-पंचवीस घरांचा एक समूह करायचा आणि आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी पडवीत जमायचं. आमच्या वाडीला यात नवं काही वाटलं नाही. ऑक्टोबरात घरोघरी जपमाळ, मे महिन्यात वाडीच्या क्रूसाजवळ प्रार्थना हे चालूच होतं. नवं होतं ते बायबल. तोवर बायबल हा फादरांनी वाचायचा ग्रंथ होता, आता तो सतरंजीवर आला.

वाचायची पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने घालून दिलेली, सात पायऱ्यांची. पहिल्या पायरीला प्रभूला बोलवायचं. दुसऱ्या पायरीला उतारा वाचायचा. तिसऱ्या पायरीला ज्याला जो शब्द लागला असेल तो त्याने मोठ्याने म्हणायचा, स्पष्टीकरण न देता, हवं तर तीन वेळा. मग शांत बसायचं. मग मनात काय आलं ते बोलायचं, पण दुसऱ्याला उपदेश करायचा नाही. सहावी पायरी कामाची : या आठवड्यात आपण काय करायचं, कोणी करायचं, कधी. आणि सातवी प्रार्थनेची.

आमच्या समूहाची पुढारी एक मावशी होती. माझी सख्खी नव्हे, वाडीतली. लाल लुगडं नेसायची, पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन दादरला जायची आणि दुपारी परतायची. तिला अक्षरओळख नव्हती. उतारा वाचायचं काम माझं. वाचून झालं की ती म्हणायची, "वाच रे परत." दुसऱ्या वाचनात ती डोळे मिटायची. पुढच्या आठवड्यात तोच उतारा ती जवळपास शब्दाला शब्द लावून सांगायची. माझ्या वर्गातली मुलं प्रश्नोत्तरं घोकून विसरत होती, आणि ही बाई ऐकून ऐकून पुरतं शुभवर्तमान पोटात घेऊन बसली होती.

मुलांच्या बाबतीत तिचा नियम कडक होता. जपमाळेचं पाचवं रहस्य मुलांचं. ज्या मुलाची पाळी असेल त्याने ते पूर्ण करायचं, अडखळला तरी कोणी पुढून शब्द द्यायचा नाही. आणि सहाव्या पायरीला जे काम ठरेल त्यात एक तरी मूल जोडीला द्यायचंच. आजाऱ्याला पेज न्यायची तर भांडं मुलाच्या हाती. कोणाचा नवरा इस्पितळात असेल तर त्याच्या केळीला पाणी लावायला दोन मोठी माणसं आणि एक पोर. ते पोर पुढे वर्षभर त्या घरावरून जाताना हाक मारून विचारायचं, काका कसे आहेत. येशूने शिष्यांना चालता चालता शिकवलं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. होताना पाहिलं ते मावशीच्या मागे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा वसईवर बिल्डरांची नजर पडली होती. शेतातल्या विहिरींचं पाणी टँकरने जात होतं, किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते आणि हरित वसईच्या लढ्यात पुढे होते. 'सुवार्ता'चा अंक आमच्या समूहात हातोहात फिरायचा. मोर्चे निघाले, धमक्या आल्या, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एका पडवीतली गोष्ट मात्र कुठे छापलेली नाही.

एका संध्याकाळी कोणीतरी सुचवलं की आज जुन्या करारातला नाबोथचा द्राक्षमळा वाचू या. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय. अहाब राजाला वाड्याशेजारचा मळा हवा असतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राणी खोटे साक्षीदार उभे करते आणि नाबोथला दगडांनी मारलं जातं. मी वाचत होतो आणि समोर दाराजवळ असा माणूस बसला होता, ज्याने दोनच आठवड्यांपूर्वी आपल्या वाडीचा बयाणा घेतला होता. ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या पायरीला एकेक जण शब्द म्हणू लागला : "वाडवडिलांची", "वाडवडिलांची". मावशीने सगळ्यांना थांबवलं. ती म्हणाली, राजाकडे मळे होतेच, याच्याकडे मुलीचं लग्न आहे, हे विसरून कोणी बोलू नका.

त्या दिवशीची चौथी पायरी, शांत बसण्याची, मला अजून आठवते. बाहेर रहाट चालू होता, त्याचा तेवढा आवाज. तो माणूस काही बोलला नाही. त्याने जमीन विकलीच. पण समूह सोडला नाही. दर आठवड्याला तो त्याच जागी, दाराजवळ येऊन बसायचा. मुलीच्या लग्नाला वाडीतल्या प्रत्येक घराने तांदूळ दिले. त्या सहाव्या पायरीला तेवढंच काम ठरलं होतं.

१९९० मध्ये इंडोनेशियात बाँडुंग इथे आशियातले बिशप जमले आणि अशा समूहांना त्यांनी चर्च असण्याची नवी रीत म्हटलं. ते आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा आम्ही ती रीत सहा वर्षं जगत होतो.

मग ते मोडलं. कसं मोडलं ते मी आजवर कुठे लिहिलं नाही. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. नवे धर्मगुरू आले, हुशार होते, कष्टाळू होते. त्यांना सगळं नीट मांडायचं होतं. समूहांना नोंदवह्या आल्या, हजेरी आली, वर्षअखेरीस अहवाल आला. धर्मशिक्षणाला परीक्षा आणि गुणपत्रक आलं. मुलांनी रविवारच्या मिस्सेला कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, शिक्के कमी पडले तर दृढीकरण लांबणीवर. आणि एका बैठकीत नियम झाला की समूहाचं नेतृत्व लिहिता-वाचता येणाऱ्यानेच करावं, कारण अहवाल भरावा लागतो.

मावशी त्या बैठकीत होती. तिने कोणालाही काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यापासून ती सतरंजीच्या कडेला बसू लागली, आणि काही महिन्यांनी यायची थांबली. मीही त्या बैठकीत होतो. अहवाल मी भरून देतो, पुढारी तीच राहू दे, एवढं म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हटलं नाही. फादर पाच-सहा वर्षांत बदलून जातात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. वाडी तिथेच राहते. तरीही आम्ही वाडीचं माणूस सोडून दिलं.

१९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, मोठा सोहळा झाला. २००९ मध्ये महापालिका आली. वाड्यांच्या जागी इमारती, इमारतींना सोसायट्या. माझ्या मुलाला मीच इंग्रजी माध्यमात घातलं, नोकरीचा विचार करून. म्हणून मराठी वर्ग ओस पडल्याचा दोष मी दुसऱ्यावर टाकत नाही. मात्र त्याच वर्षांत प्रथम ख्रिस्तशरीराला हॉल, डीजे आणि छापील बॅनर आले. आठ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात सोन्याची साखळी आली. त्याविरुद्ध वेदीवरून स्पष्ट शब्द मी फार थोड्या वेळा ऐकला, आणि हा दोष मात्र मी टाकतो.

२०२० मध्ये टाळेबंदीत चर्च बंद झाली आणि मोबाइलवर मिस्सा बघायची सवय लागली. १६ नोव्हेंबरला महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली तेव्हा पुष्कळ माणसं परत आली. समूह परतले नाहीत. आता रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर वाचन येतं, खाली हात जोडल्याच्या खुणा पडतात. सहावी पायरी तिथे नाही. त्या महामारीत आमच्याच तरुणांनी गाड्या काढून घरोघर जेवण पोचवलं, हेही मी पाहिलं आहे. त्या पोरांत दम आहे. त्यांना कोणी पडवीत बोलवत नाही, एवढंच माझं म्हणणं.

१० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचं काम ही चर्चमधली एक रीतसर सेवा ठरवली, सामान्य प्रापंचिक स्त्री-पुरुषांना मिळू शकेल अशी. ते वाचत होतो तेव्हा डोळ्यांपुढे मी नव्हतो. डोळे मिटून दुसरं वाचन ऐकणारी ती बाई दिसत होती. ती तोवर वारली होती. तिला पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो, अगदी दाराजवळ बसणारा तो माणूससुद्धा. शवपेटीचा एक कोपरा त्याने धरला होता.

इंग्रजी वर्गाशी माझं भांडण नाही. तिथे शिकवणारी मुलगी माझीच विद्यार्थिनी आहे आणि ती मन लावून शिकवते. तिच्या वर्गातल्या पोरांना सातही संस्कार न चुकता म्हणता येतात. मी त्यांना विचारलं, तुमच्या मजल्यावर आजारी कोण आहे? एकालाही सांगता आलं नाही. हा प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा ते मी तिच्यावर सोपवलं आहे. तो दर रविवारी विचार, एवढं मात्र तिला सांगितलं आहे.

२०२५ च्या जुलैपासून दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या पडवीत सतरंजी घातलेली असते. हजेरी नाही, गुणपत्रक नाही. त्या सातांपैकी पाच मुलं येतात, दोन इंग्रजी वर्गातलीही येतात. गेल्या रविवारी आम्ही उतारा अर्धाच वाचला आणि मागच्या गल्लीतल्या, पाय मोडलेल्या एका आजोबांकडे गेलो. आमच्या भागातल्या ज्या घरात आठ ते पंधरा वयाचं मूल असेल, त्या घराने त्याला पाठवावं. आणि घरात वाचता न येणारी आजी असेल, तर तिलाही पाठवा.