एक विधेयक, दोन सभागृहं

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरच्या गोरखी शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. १९७१ मध्ये ग्वाल्हेरने त्यांना लोकसभेत पाठवलं. १९८४ मध्ये ते इथेच माधवराव शिंदे यांच्याकडून हरले आणि १९८६ मध्ये मध्य प्रदेशातून राज्यसभेवर गेले. संसदेची दोन सभागृहं समजून घ्यायला त्यांची ही वाटचाल फार उपयोगी आहे.

१. निवड. लोकसभेचे ५४३ खासदार आपण थेट निवडतो. राज्यसभेत २४५ जागा आहेत. त्यांतले १२ जण राष्ट्रपती नेमतात, बाकीच्यांना विधानसभांचे आमदार निवडतात. म्हणजे १९८६ मध्ये वाजपेयींना मत दिलं ते आमदारांनी, बाड्यावरच्या मतदाराने नव्हे. मध्य प्रदेशात २३० आमदार आहेत. तीन जागा भरायच्या असतील, तर २३० ला जागांहून एक जास्त, म्हणजे चाराने भागायचं; ५८ मतं मिळाली की जागा पक्की.

याबाबत महाराष्ट्रात हमखास गल्लत होते. मुंबईत विधान परिषद, म्हणजे राज्याचं दुसरं सभागृह, आहे; भोपाळमध्ये नाही. पण विधान परिषदेच्या आमदारांना राज्यसभेसाठी मत नसतं.

२. मांडणी. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. साधं विधेयक दोन्हींपैकी कोणत्याही सभागृहात मांडता येतं. आधी मांडायची परवानगी, मग चर्चा आणि कलमवार मतदान, शेवटी संपूर्ण मसुद्यावर मत. या तीन टप्प्यांना ‘वाचन’ म्हणतात. अधेमधे ते समितीकडे तपासणीला जाऊ शकतं. ‘विधेयक मांडलं’ ही बातमी वाचून कायदा झाला असं समजू नये.

३. दुसरं सभागृह. तिथे हाच क्रम पुन्हा होतो. दुरुस्ती सुचवली गेली, तर विधेयक पहिल्या सभागृहाकडे परत येतं. दोघांचा मसुदा शब्दशः एक झाला पाहिजे.

४. अडलं तर? दुसऱ्या सभागृहाने विधेयक फेटाळलं किंवा सहा महिन्यांहून जास्त काळ मंजूर केलं नाही, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. आजवर असं तीनदाच झालं: १९६१ मध्ये हुंडाबंदी, १९७८ मध्ये बँक सेवा आयोग रद्द करणं आणि २००२ मध्ये दहशतवादविरोधी ‘पोटा’. वाजपेयी पंतप्रधान असताना पोटा राज्यसभेने फेटाळला. संयुक्त बैठकीत तो ४२५ विरुद्ध २९६ मतांनी मंजूर झाला. लोकसभेची संख्या मोठी असल्याने या बैठकीत तिचं पारडं जड असतं. घटनादुरुस्तीसाठी मात्र हा मार्ग नाही. ती दोन्हीकडे स्वतंत्रपणे, विशेष बहुमतानेच मंजूर व्हावी लागते.

५. पैशाचा विषय. फक्त कर, सरकारी खर्च किंवा कर्ज यांविषयी असलेलं ‘धन विधेयक’ लोकसभेतच मांडतात. राज्यसभेने ते १४ दिवसांत परत करायचं असतं. तिच्या सूचना मानणं लोकसभेवर बंधनकारक नसतं. एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. म्हणून या एका शिक्क्यावरून वाद पेटतात.

६. राष्ट्रपतींची संमती. ती मिळाली की विधेयकाचा कायदा होतो. पण अंमल कोणत्या तारखेपासून, हे वेगळं पाहावं लागतं. काही कायदे पुढच्या अधिसूचनेची, म्हणजे राजपत्रातल्या सरकारी घोषणेची, वाट पाहतात.

आता सरकार टिकण्याचा प्रश्न. तो फक्त लोकसभेत सुटतो. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार तिथे २६९ विरुद्ध २७० मतांनी, म्हणजे एका मताने पडलं. राज्यसभेतल्या मतांनी सरकार पडत नाही.

दोन सभागृहं सगळीकडे सारखी नसतात. दक्षिण आफ्रिकेत नॅशनल असेंब्लीत ४०० सदस्य आहेत, तर प्रांतांच्या राष्ट्रीय परिषदेत नऊ प्रांतांचे प्रत्येकी दहा. प्रांतांच्या अधिकारातल्या विषयावर तिथे प्रत्येक प्रांताला एकच मत असतं, प्रांत लहान असो की मोठा. आपल्याकडे राज्यसभेच्या जागा लोकसंख्येनुसार आहेत: महाराष्ट्राला १९, मध्य प्रदेशाला ११, गोव्याला १.

एखाद्या विधेयकाची काळजी वाटत असेल, तर ते कोणत्या प्रकारचं आहे, कोणत्या सभागृहात आहे आणि समितीकडे गेलं आहे का, हे आधी पाहावं. समिती अनेकदा जाहिरात देऊन नागरिकांच्या लेखी सूचना मागवते. आपलं म्हणणं तेव्हाच पाठवावं. दोन्ही सभागृहांतलं अंतिम मतदान झाल्यावर मसुद्यात सहसा बदल होत नाही.