जावातील आकृतिबंध आणि देवनागरीचे अक्षर

मराठी संहितेतील शब्द मोजण्यासाठी जावा भाषेत रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे शोधावयाच्या मजकुराचा आकृतिबंध, लिहावा आणि उत्तर शून्य यावे, हा अनुभव संगणकाकडे वळलेल्या अभ्यासकांना नवा नाही. दोष आकृतिबंधाच्या रचनेत शोधला जातो. पुष्कळदा तो ‘अक्षर’ कशास म्हणावे या कल्पनेत असतो.

‘मॅचेस’ ही क्रिया संपूर्ण स्ट्रिंग जुळली तरच होकार देते. आतील अंश हवा असल्यास ‘फाइंड’ योजावयास हवे. हा घोटाळा लवकर उलगडतो. खरी अडचण पुढची आहे. शब्दातील वर्णांसाठी असलेले ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हे चिन्ह एरवी इंग्रजी वर्ण, इंग्रजी अंक आणि अधोरेखा एवढेच ओळखते. देवनागरी त्याच्या लेखी नाहीच. त्याऐवजी युनिकोडमधील ‘वर्ण’ हा गट वापरला, तर ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे हाती येतात. कारण काना व वेलांटी या वर्गीकरणात वर्ण नव्हेत, जोडचिन्हे होत. बाराखडी गिरवलेल्या वाचकास हे विपरीतच वाटेल. २०११ च्या जावा ७ मध्ये आलेला ‘युनिकोड कॅरॅक्टर क्लास’ हा पर्याय लावला असता ‘डब्ल्यू’ त्या चिन्हांनाही सामावून घेतो आणि शब्द अखंड राहतो. शब्दसीमेच्या ‘बॅकस्लॅश बी’लाही हा पर्याय आवश्यक आहे. २०२२ च्या जावा १९ पासून त्याची दृष्टीही एरवी इंग्रजी वर्णांपुरतीच उरली. जुना आकृतिबंध त्यामुळे निराळे उत्तर देऊ शकतो.

मात्र सर्वांत फसवा प्रकार मराठीचा स्वतःचा आहे. ‘दऱ्या’ हा शब्द कोणी ‘ऱ’ घेऊन टंकित करतो, तर कोणी ‘र’, हलंतचिन्ह आणि अदृश्य ‘झीरो विड्थ जॉइनर’ घेऊन. कागदावर दोन्ही सारखे दिसतात; जावाला ते भिन्न शब्द वाटतात. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करीत नाही. अदृश्य चिन्हे सरसकट गाळण्याचा मोह येथे होतो. पण तसे करताच ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो: डोंगरांमधल्या खोलगटाचा समुद्र! यंत्र कोणतीही चूक दाखवीत नाही आणि शब्दसूची मुकाट्याने बिघडते. तेव्हा प्रथम ‘र’, हलंतचिन्ह व जॉइनर या त्रयीच्या जागी ‘ऱ’ आणि हलंतचिन्ह ठेवावे. उरलेले जॉइनर गाळणे त्यानंतर.