पिठ्या समजून याला चिरडू नका!

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला की फवारणीआधी जरा निरखून पाहा. त्यात मेणाचे लांब धागे अंगावर घेऊन भराभर चालणारी अळी असेल, तर ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची. पिठ्या हेच तिचं खाणं. दिसते मात्र हुबेहूब त्याच्यासारखी, म्हणून बिचारी नाहक मारली जाते. प्रौढ किडा काळपट, डोकं नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा किडा १८९८ मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला. तिथे फसला, पिठ्यावर मात्र रमला. म्हणून पिठ्या आवरायला तो मुद्दाम सोडताही येतो. मुंग्या चिकट गोड स्रावासाठी पिठ्याची राखण करतात, तेव्हा आधी त्यांची वाट अडवा. ढालकिडे संध्याकाळी सोडा आणि त्यानंतर रासायनिक फवारणी अजिबात नको.