एका दिवसाच्या डोंगरसहलीसाठीं स्थळ कसें निवडावें?

सुटी जवळ आली कीं विद्यार्थी घोळक्यानें आमच्याकडे येतात व "यंदा कोणत्या डोंगरावर जावें?" असें विचारतात. बहुतेकांच्या मुखीं हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा किंवा कळसूबाईचें शिखर असतें. ही हौस स्तुत्य आहे. परंतु ज्यानें आपल्या शहराच्या पूर्वेस असलेला शाह डोंगर कधीं पायीं चढलेला नाहीं, त्यानें एकदम महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरास हात घालावा हें आम्हांस पटत नाहीं. उलटपक्षीं, कित्येक पालक मुलांस डोंगराकडे फिरकूंच देत नाहींत. या दोन टोकांच्या मधला मार्ग दाखवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्थळ निवडतांना प्रथम आपल्या मंडळींत सर्वांत सावकाश चालणारा कोण, हें पाहावें. सहल त्याच्या बेतानें आंखावी. पुढें धांवणारीं चार मुलें शिखरावर पोंचलीं व मागें राहिलेला एकटा वाट चुकला, तर तिला सहल कोण म्हणेल?

यानंतर वेळेचा हिशेब करावा. नेस्मिथ नामक स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक सोपा नियम सांगितला. सपाटीवर दर पांच किलोमीटरांस एक तास धरावा व चढाच्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास मिळवावा. समजा, जाऊन-येऊन आठ किलोमीटर अंतर व नऊशें फूट चढ आहे. चालण्यास सुमारें छत्तीस मिनिटांसह एक तास व चढास अर्धा तास, म्हणजे एकंदर दोन तास झाले. हा नियम सराव असलेल्या प्रौढांसाठीं आहे. शाळकरी मुलांच्या तुकडीस त्याची दीडपट, म्हणजे तीन तास धरावेत. विश्रांती व फराळ यांचा एक तास निराळा. सकाळीं सातास निघालेली तुकडी अकराच्या सुमारास खालीं येईल. असा हिशेब कागदावर मांडल्यावांचून कोणीही घराबाहेर पडूं नये.

तिसरा विचार पाण्याचा व ऋतूचा. आपला जिल्हा बहुतांशीं पर्जन्यछायेंत येतो. डोंगर उघडेबोडके, सांवली विरळ. म्हणून दरडोई निदान दोन लिटर पाणी घरूनच न्यावें. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. चैत्र-वैशाखांत दुपारचें ऊन जिवावर बेततें, तर वळवाच्या व परतीच्या पावसांत दुपारनंतर विजा कडाडतात. अशा वेळीं उघड्या माथ्यावर किंवा एकाकी झाडाखालीं उभें राहणें अत्यंत धोक्याचें आहे.

आतां स्थळांकडे वळूं. नवशिक्यांनीं शाह डोंगरापासून प्रारंभ करावा. पाथर्डी रस्त्यावर शहरापासून सुमारें तेरा किलोमीटरांवर हा डोंगर आहे व माथ्यावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती मूर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर होय. चांदबिबीनें १५९५-९६ सालीं मोगलांविरुद्ध लढविला तो खालचा भुईकोट किल्ला. वर उभें राहून शहर, किल्ला व भोंवतालचा प्रदेश न्याहाळला म्हणजे पुस्तकांतील इतिहास व भूगोल जागच्या जागीं बसतात. माथ्यापर्यंत गाडीरस्ता असल्यामुळें कोणी थकलें तरी त्यास खालीं आणणें सोपें जातें.

दुसरी पायरी डोंगरगणची. शहराच्या उत्तरेस वांबोरी घाटाच्या बाजूस हें गांव आहे. येथील दरी पावसाळ्यांत हिरवीगार होते व धबधबा वाहूं लागतो. परंतु त्याच वेळीं खडक निसरडे होतात व वर पाऊस पडल्यास ओढा अकस्मात् फुगतो. म्हणून पोहण्याची हौस तेथें करूं नये. जवळच मांजरसुंबा गड व गोरक्षनाथ गड आहेत. सराव झाल्यावर एका दिवसांत यांपैकीं एकच निवडावा.

कळसूबाई (सुमारें ५,४०० फूट) व हरिश्चंद्रगड (सुमारें ४,६७० फूट) हे अकोले तालुक्यांतील डोंगर नगरहून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहेत. बारी गांवाच्या वाटेनें कळसूबाई चढतांना कड्यांवर लोखंडी शिड्या लागतात, आणि तेथील पाऊस व धुकें यांची कल्पना नगरच्या रिमझिमीवरून येणार नाहीं. वरील दोन पायऱ्या सुखरूप पार केलेल्यांनींच, जाणत्या वाटाड्यासह, तिकडे जावें.

कोठेंही जा, कांहीं नियम पाळावेत. पायांत बूट असावेत, कारण खडकाळ माळावर फुरशाचें भय असतें. दगडांच्या फटींत हात घालूं नये. आग्या मोहोळाजवळ धूर किंवा गलका करूं नये. बिबट्याचा वावर असल्यामुळें पहाटेच्या व तिन्हीसांजेच्या अंधारांत चालूं नये. दरींत मोबाईल चालेलच असें नाहीं. म्हणून कोण गेले, कोठें गेले व किती वाजतां परतणार, हें लिहून घरीं ठेवावें. संकटकाळीं ११२ हा क्रमांक सर्वांस पाठ असावा. आणि ठरलेली वेळ झाली कीं शिखर शंभर पावलांवर असलें तरी मागें फिरावें. डोंगर तेथेंच राहणार आहे.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें परवानगी मागितल्यास एकदम नकार न देतां वरील हिशेबाचा कागद त्याजकडे मागावा. कागद नीट असेल, सोबतीला जबाबदार वडीलधारें माणूस असेल, तर खुशाल जाऊं द्यावें. किती चालावें, केव्हां थांबावें व मागें पडलेल्या सोबत्यासाठीं कसें थांबून राहावें, हें मुलास एका सकाळींत जितकें कळतें, तितकें आमच्या वर्गांत वर्षभरांतही कळणें कठीण आहे.