अंतःस्थापित उपकरणांतील सॉफ्टवेअर-बदल आणि दुहेरी स्मृतिविभाग
वीजमीटर, राउटर यांसारख्या उपकरणांतील सॉफ्टवेअर बदलताना मध्येच वीज खंडित झाली, तर उपकरण कायमचे निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून फ्लॅश स्मृतीचे दोन विभाग केले जातात. जुनी प्रणाली एका विभागातून कार्यरत असतानाच नवी प्रणाली, तिची अंकीय स्वाक्षरी पडताळून, दुसऱ्या विभागात लिहिली जाते. लेखन अपुरे राहिले तरी जुना विभाग अबाधित राहतो. पुढे बूटलोडर नव्या विभागातून आरंभ करतो. तो अयशस्वी ठरल्यास जुन्याकडे परततो. अँड्रॉइडमध्ये २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून ही सोय आहे. या पद्धतीत स्मृती अधिक लागते हे खरे. परंतु दुरुस्तीसाठी जेथे माणूस सहज पोहोचत नाही, तेथे हा खर्च अनाठायी म्हणता येत नाही.