फांदी, दगड आणि डिपर

कसारा घाटाच्या चढावर भरलेला ट्रक बंद पडला की ड्रायव्हर ब्रेक दाबून बसतो आणि क्लीनर खाली उडी टाकतो. आधी मागच्या चाकाला दगड. मग हाताला येईल ती फांदी मोडून तो मागे पळत सुटतो. रस्त्यात पाला आडवा दिसला की पुढे गाडी उभी आहे, हे कोणत्याही ड्रायव्हरला समजावून सांगावे लागत नाही.

फांदी किती लांब टाकायची? ढाब्यावर उत्तर ठरलेले असते: पन्नास पावले. म्हणजे साधारण ३५ मीटर. घाटात ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्याला कोरड्या रस्त्यावर तेवढी पुरतात. ताशी ८० च्या वेगात मात्र गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. रात्री हिरवा पाला अगदी जवळ आल्यावरच दिसतो. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर पन्नास पावले तिथेच संपतात. म्हणून महामार्गावर याच्या दुप्पट-तिप्पट अंतर हवे, आणि फांदीऐवजी चमकणारा लाल त्रिकोण. जाणता क्लीनर वळणावर पावले ट्रकपासून मोजत नाही, वळणाच्या अलीकडच्या तोंडापासून मोजतो. हे शहाणपण त्याला कोणी पगारात धरून देत नाही.

समोरून येणारा डिपर मारतो, त्यावर पूर्ण विसंबू नये. त्याचा अर्थ ‘पुढे गाडी बंद आहे’ असतो, तसाच ‘मी येतोय, थांब’ असाही असतो. वेग कमी करणे दोन्ही अर्थांना चालते.

मदतीला थांबणाऱ्याने गाडी बंद वाहनाच्या पुढे, रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्यावी आणि चारही इंडिकेटर लावावेत. प्रवाशांना कठड्यापलीकडे उभे करावे. टोचन बांधताना दोन गाड्यांच्या मधे रेंगाळू नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि एरवी ११२ हे क्रमांक आहेत. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ तसे सांगते.

गाडी सुरू झाली की दगड आणि फांद्या उचलून कडेला टाकायच्या असतात. निघण्याच्या घाईत नेमके हेच राहते आणि अंधारात दुचाकीस्वार त्या दगडावर आपटतो. आता कित्येक ट्रक क्लीनरशिवाय धावतात. एकट्या ड्रायव्हरने ब्रेक धरायचा, की पन्नास पावले मागे पळायचे? पगार वाचवणाऱ्या मालकाने हा हिशेब केलेला नसतो.